तिसरी वायर

दुपारी पितळी टेबल लॅम्प चिंच लावून घासायला घ्यावा आणि बुडाशी बोट लागताच वायरीवरच्या सुती विणीचा भुगा हाताला लागावा, की ओळखायचं: दिवा आजोबांचा, आणि वायरही आजोबांचीच. चिंच तिथेच बाजूला ठेवायची. विणीखालचं रबर वाळून करकरीत झालेलं असतं. जरा वाकवलं की टवके पडतात आणि उघडी तार पितळेच्या नळीला टेकून निवांत पडून राहते. दिवा मात्र लागतो. म्हणून तर कुणी लक्ष देत नाही.

यावर घरोघरी एकच औषध, काळी टेप. माझं टेपशी जरा वाकडंच आहे. दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद पाघळतो, टोक सुटतं, चिकट काळा डाग तेवढा उरतो. पण प्लग नसला तर उघडी टोकं सॉकेटात घालून वर काड्यापेटीच्या काड्या ठोसणारे आपण! टेप म्हणजे चैनच.

जुन्या दिव्याला वायरी दोनच, आणि दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसतो. एका बाजूने बसला तर बटण फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतं; दुसऱ्या बाजूने बसला तर न्यूट्रल, म्हणजे परतीची. दिवा विझतो, होल्डर जिवंतच. बल्ब बदलणाऱ्याला ते कळतं, पण उशिरा.

तेव्हा प्लग काढून, तीन कोअरची गोल लवचीक वायर आणायची: 0.75 चौरस मिलिमीटर, आयएसआय मार्कची. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. किंवा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. जुनी वायर घाईने ओढून काढू नये. तिच्या टोकाला सुतळी बांधून ओढली की सुतळी नळीत येते, आणि तिच्यामागून नवी वायर. त्याआधी नळीच्या तोंडाची धार कानशीने मारायची आणि बुडाच्या भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, बसवायचं. वायर सोलवटते ती नेमकी इथेच.

हिरव्या वायरीला लग (धातूचं चपटं कडं) लावून ती पितळेला स्क्रूने आवळायची. खालचं लॅकर, म्हणजे चकाकीचा लेप, आधी खरवडायचं, नाहीतर अर्थिंग फक्त दिसायला. नव्या तीन पिनांच्या प्लगमध्ये हिरवी दोनेक सेंटिमीटर जास्त ठेवायची: वायरीला हिसका बसला तर ती सगळ्यांत शेवटी सुटावी. वायरीवरच्या बटणात फक्त फेज तोडायची. टोकांना पीळ द्यायचा, कथलाचा डाग (सोल्डर) मात्र नाही. स्क्रूखाली कथील हळूहळू दबतं, जोड सैल होतो, मग तापतो.

बल्ब काढून, बटण चालू ठेवून मल्टिमीटर लावायचा. मोठी पिन आणि पितळ यांच्यात एक ओहमपेक्षा कमी. बाकी दोन पिना आणि पितळ यांच्यात मीटरने काहीच जोड दाखवू नये. बल्ब एलईडी, 7 वॉट. शेडही करपत नाही.

आता भिंतीकडे बघा. जुन्या घरात सॉकेट तीन भोकांचं असतं, मागे वायरी मात्र बरेचदा दोनच आलेल्या असतात. वरचं मोठं, अर्थिंगचं भोक शोभेला. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तेही बघायला सांगा. तोवर दिवा घासून कोनाड्यात ठेवा, न लावता.