बाबांच्या पोटाचा डॉपलर

जेवण झालं की अर्ध्या तासात बाबांचं पोट दुखायला लागायचं आणि दोन-तीन तासांनी आपोआप थांबायचं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, एंडोस्कोपी झाली, साधी सोनोग्राफीही नॉर्मल आली. हुमण-शीत दोनदा वाढून घेणारा माणूस अर्धी वाटी पेजेवर आला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. भूक लागत होती, पण दुखेल या धास्तीने ते खात नव्हते. डिचोलीच्या आमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं. कित्येक वर्षांची सिगारेट, त्यात बीपी. आतड्यांना रक्त कमी पडत असावं, असं म्हणत त्यांनी चिठ्ठीवर ‘मेसेंटेरिक डॉपलर’, म्हणजे आतड्यांच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, असं लिहून आम्हाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवलं.

पोटाच्या साध्या सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडन्या बघतात. आतड्यांच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजत नाहीत. म्हणून चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

तपासणी सकाळी, उपाशीपोटी. पोटात गॅस असला तर धमन्या दिसत नाहीत. शिवाय खाल्ल्यावर निरोगी माणसाच्याही आतड्यांचा रक्तपुरवठा वाढतो, मग आकड्यांचा अर्थ लागत नाही. डॉक्टर प्रोब दाबून गॅस बाजूला सारत होत्या. “काका, श्वास सोडा. आता घ्या. धरून ठेवा.” श्वास सोडताना छाती-पोटामधल्या पडद्याजवळचा एक पट्टा आतड्यांच्या धमन्यांपैकी सगळ्यात वरच्या धमनीवर दाबला जाऊ शकतो. तिथला वेग त्यामुळे वाढलाय की धमनीच अरुंद झालीय, हे त्यांना ताडून बघायचं होतं. स्क्रीनवर एका जागी रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या लाल-निळ्या रंगांची नुसती खिचडी झाली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. आतड्यांच्या मुख्य धमनीत उपाशीपोटी वेग सेकंदाला २७५ सेंटिमीटरच्या वर गेला, तर ती ७० टक्के किंवा जास्त अरुंद असल्याची शंका घेतात. बाबांचा ३४० आला. वरची धमनीही अरुंद निघाली. आतड्यांना रक्त देणाऱ्या मुख्य धमन्या तीन. एक अडली तर बाकीच्या बहुतेकदा सांभाळून घेतात. बाबांच्या दोन गेल्या होत्या.

पुढे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन केलं, निदान पक्कं झालं आणि स्टेंट बसला. बाबा आता पोटभर जेवतात.

एक कळकळीने सांगते. पोटात अचानक असह्य कळ आली आणि पोट दाबून मात्र फारसं काही सापडत नसेल, तर डॉपलरची तारीख घेत बसू नका. १०८ला फोन करून थेट कॅज्युअल्टी गाठा. तिथे तातडीने सीटी अँजिओग्राफीच लागते. रक्तपुरवठा अचानक तुटला असेल, तर आतडं काही तासांत मरू शकतं.

स्टेंट पुन्हा अरुंद होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने डॉपलर चालूच आहे. स्टेंटमधला वेग मुळातच थोडा जास्त येतो, त्यामुळे नवा आकडा २७५शी नाही, तर स्टेंटनंतरच्या पहिल्या रिपोर्टशी ताडतात. तो रिपोर्ट मी फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय.