दोन डोळ्यांनी चंद्र बघायचा तर आधी दोन चंद्र दिसतात

इतकी वर्षं दुर्बिणीतून बघताना मी एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून उभा असायचो आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही, कारण सगळेच तसं बघतात. तासाभराने मिटलेल्या डोळ्याची पापणी थरथरायला लागली की समजायचं, आजचं पुरे. बायनोव्ह्यूअर घ्यायचं खरं कारण हेच, बाकी सगळं नंतर कळलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ही बायनॉक्युलरसारखी दिसणारी जोडणी आहे, फोकसरमध्ये (चित्र स्पष्ट करायला आतबाहेर सरकणारी नळी) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या जागी लावायची. दुर्बीण एकच, पण आत एक प्रिझम असतं ते प्रकाशाचे दोन भाग करतं आणि प्रत्येक डोळ्याला निम्मा प्रकाश मिळतो. म्हणजे आयपीस दोन लागतात, आणि दोन म्हणजे अगदी सारखे, त्याच बनावटीचे त्याच फोकल लेंग्थचे. माझ्याकडे २५ मिमीचा एक प्लॉसल (आयपीसचा एक साधा प्रकार) होताच, त्याला जोडीदार शोधला.

पहिल्या रात्री फोकसच झाला नाही. माझी दुर्बीण ८ इंची डॉब, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची (न्यूटोनियन) दुर्बीण, फोकल लेंग्थ १२०० मिमी. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी चंद्र म्हणजे एक मोठा पांढरा गोळा, आणि अजून आत जायला जागाच नाही. मला वाटलं वस्तू बिघडलेली आली. तसं काही नव्हतं, बायनोव्ह्यूअरच्या आत प्रकाशाला प्रिझममधून वळणं घेत साधारण १०० ते ११० मिमी प्रवास करावा लागतो, म्हणजे तेवढा फोकसर जास्त आत जायला हवा आणि न्यूटोनियन दुर्बिणीत एवढी जागा बहुतेक वेळा नसतेच. श्मिट-कॅसेग्रेन किंवा मॅक्सुटोव्ह या आखूड नळीच्या दुर्बिणीवाल्यांचं बरं असतं, त्यांचा मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो त्यामुळे ते आयपीस लावावा तसं लावून मोकळे होतात. आम्हा डॉबवाल्यांना एक तर आरसा नळीत वर सरकवा (मी धजावलो नाही) किंवा पुढे बार्लो (चित्र मोठं करणारं जोड-भिंग) लावा.

बार्लो लावली. बार्लो फोकस बाहेर ढकलते त्यामुळे प्रश्न सुटला, पण तिथे एक गंमत आहे जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. २ पट लिहिलेली बार्लो बायनोव्ह्यूअरच्या आधी लावली की २ पट राहत नाही, कारण बार्लोचं भिंग आणि आयपीस यांच्यात जितकं अंतर वाढतं तितकं मॅग्निफिकेशनही वाढतं. अख्खी बार्लो लावली तर जवळजवळ ३ पट होते. म्हणजे माझा २५ मिमीचा आयपीस जो एरवी ४८ पट दाखवतो तो थेट दीडशेच्या घरात. चंद्र आणि ग्रहांना हे फारच उत्तम, पण मोठं आकाश एका नजरेत बघायची हौस असेल तर विसरा. बार्लोचं फक्त भिंग असलेलं टोक उघडून ते बायनोव्ह्यूअरच्या नळीला लावता येतं, मग दोनपट-सव्वादोनपट एवढंच होतं. पण माझ्या फोकसरला ते जेमतेम जमतं.

फोकस झाला आणि मला दोन चंद्र दिसले. एकावर एक थोडे सरकलेले. पाच मिनिटं जबरदस्तीने जुळवायचा प्रयत्न केला आणि डोकं जे चढलं ते झोपेपर्यंत उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसून पाहिलं तर चूक माझीच होती, आयपीस धरणारा स्क्रू मी एका बाजूने करकचून आवळला होता त्यामुळे आयपीस तिरका बसला होता. सैल करून, नीट टेकवून, हलक्या हाताने आवळला की दोन्ही चित्रं एक होतात. आयपीस जागेवरच फिरवून बघायचा, चित्र सरकलं तर तो सरळ बसलेला नाही. हे सगळं करूनही दोनच दिसत असतील तर मात्र आतली प्रिझम हललेली असण्याची शक्यता, तिथे स्वतः पेचकस घेऊन बसू नका.

मग दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या जवळ-लांब करायच्या, आधी एका डोळ्याचा फोकस दुर्बिणीच्या फोकसरने लावायचा आणि दुसऱ्याचा त्या नळीच्या स्वतःच्या रिंगने. हा क्रम चुकवला की डोळे उगाच भांडत बसतात. आणि हो, दुसरं कोणी बघायला आलं की हे सगळं परत.

दशमीचा चंद्र होता त्या रात्री हे सगळं पहिल्यांदा नीट जमलं. कोपर्निकस विवर उजेड-अंधाराच्या रेषेच्या जवळच, त्याच्या भिंतींच्या पायऱ्या आणि मधले डोंगर, आणि दक्षिणेकडे क्लेव्हियस, सव्वादोनशे किलोमीटरच्या वर पसरलेलं विवर ज्याच्या आत छोट्या विवरांची कमान लहान लहान होत जाते. हे सगळं मी एका डोळ्याने शंभरदा पाहिलंय. पण या वेळी मी खुर्चीत मागे रेलून बघत होतो आणि समोर खिडकी असल्यासारखं वाटत होतं. आईला बोलावलं, तिने चष्मा काढला, नळ्या तिच्या डोळ्यांना जुळवून दिल्या. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "अरे, हा तर चेंडू आहे. मागच्या वेळी तू मला ताट दाखवलं होतंस."

आता खरं सांगायचं तर तो चेंडू वाटतो ती डोळ्यांची फसवणूक आहे. दोन्ही डोळ्यांना एकाच आरशाचं एकच चित्र जातंय, त्यात खोली यायला काही कारणच नाही. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आणि आपल्या दोन डोळ्यांत अंतर जेमतेम साडेसहा सेंटिमीटर, नुसत्या डोळ्यांनाही तो सपाटच. पण मेंदूला दोन्हीकडून चित्र आलं की तो सवयीने खोली भरतो बहुतेक, आणि मला त्याच्याशी वाद घालायचा नाहीये.

खरा फरक मला शनीच्या वेळी कळला. जास्त मॅग्निफिकेशनला एका डोळ्याने बघताना डोळ्यातले ते तरंगणारे धागे, ठिपके फार त्रास देतात, कारण आयपीसमधून येणारी प्रकाशाची शलाका बारीक झालेली असते, माझ्या या जोडणीत दीड मिमीच्या आतच. दोन डोळे उघडे असले की एकात जे झाकलं जातं ते दुसऱ्यात दिसतं आणि धागे जवळपास गायब. शिवाय दमायला होत नाही म्हणून बघत बसलो, आणि हवा स्थिर व्हायची वाट पाहत बसलं की मधेच दोन सेकंद सगळं थांबतं आणि कॅसिनीची फट (शनीच्या कड्यांमधली काळी रेघ) कड्याभोवती अशी काही आखीव दिसते की मी मोठ्याने काहीतरी बोललो, बाजूला कोणी नव्हतं.

तक्रारी आहेत. वजन आहे, दोन आयपीस धरून डॉबचं तोंड खाली झुकायला लागतं, मी नळीच्या आरशाकडच्या टोकाला चुंबकं चिकटवली (माझी नळी लोखंडी आहे म्हणून चाललं). ३२ मिमीचे आयपीस लावले तर कडा काळवंडतात कारण साध्या बायनोव्ह्यूअरच्या प्रिझमची तोंडं तेवढी मोठी नसतात. आणि अंधूक दीर्घिकांना हे लावूच नये. निम्मा प्रकाश म्हणजे पाऊण मॅग्निट्यूडचा (तेज मोजायचं एकक) फटका, दोन डोळे मिळून त्यातलं थोडं भरून काढतात पण सगळं नाही, जी दीर्घिका आधीच दिसते-न-दिसते अशी असते ती गेलीच समजा.

म्हणून परवा दीर्घिका बघायला बायनोव्ह्यूअर काढला, जुना एकच आयपीस लावला, आणि सवयीने दोन्ही डोळे उघडे ठेवून मधोमध वाकलो. नाक आपटलं, आयपीसवर डाग पडला, आणि तो पुसेपर्यंत ढग आले.