सी भरला, डी रिकामा

कॉम्प्युटरवरचा दुष्काळ नेहमी सुकाळाच्या डोळ्यांदेखत पडतो. सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली असते, म्हणजे मोकळी जागा दहा टक्क्यांच्याही खाली गेलेली. अपडेट अर्ध्यावर अडलेलं असतं, आणि रिसायकल बिन खरवडून आपण जेमतेम एखादा जीबी मिळवलेला असतो. त्याच खिडकीत, त्या लाल पट्टीला खेटून, डी ड्राइव्ह निवांत लोळत असतो. त्यात एक ‘नवीन फोल्डर’, त्याच्या पोटात आणखी एक ‘नवीन फोल्डर’, आणि त्यात कुठल्याशा जुन्या फोनमधले फोटो. बाकी शुकशुकाट. डिस्क मात्र दोघांची एकच.

मधली रेघ कोणी मारली, हे बहुधा कोणालाच आठवत नाही. मशीन पहिल्यांदा तयार होत होतं तेव्हा कोणीतरी ‘सीला एवढे पुरे’ म्हणून मोकळं झालेलं असतं. तेव्हा ते खरंही असतं. २००१ सालच्या विंडोज एक्सपीला दीड जीबी जागा चालायची. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७च्या ६४-बिट आवृत्तीला २० जीबी लागू लागले, आणि २०२१च्या विंडोज ११ची किमान मागणीच ६४ जीबीची आहे. हे आकडे नुसत्या सिस्टिमचे. आपला पसारा वेगळाच. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे असे तुकडे, पाडणारा असा पुढच्या काही वर्षांचं भाकीत करून निघून जातो आणि ते निस्तरायला आपण उरतो.

तुकडे पाडण्याची ही सवय हौसेतून लागलेली नाही. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींनी आधीच अडवून ठेवली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आलं. पुढे डिस्का वाढत गेल्या, पण डॉस या जुन्या सिस्टिमच्या फॅट१६ला, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीला, एका पार्टिशनमध्ये २ जीबीच्या वर झेपत नसे. डिस्क ६ जीबीची असली की तिचे तुकडे करणं भागच. नंतर फॅट३२ आणि एनटीएफएस या नव्या पद्धती आल्या, सक्ती संपली. सवय गेली नाही. ‘डेटा डीमध्ये ठेवा, सेफ राहील’ हा सल्ला अजून फिरतोच आहे. तो अर्धा खरा आहे: विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला तर डी वाचतो. डिस्कच गेली तर दोघं हातात हात घालून जातात. (बॅकअप दुसऱ्या डिस्कवर असेल तरच तो बॅकअप, हे मी कितीही जणांना सांगितलं तरी ते मान हलवतात आणि डीमध्येच कॉपी करतात.)

गंमत म्हणजे ती रेघ डिस्कवर कुठे ओढलेलीच नसते. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये चार नोंदींचा तक्ता असतो. नोंद १६ बाइटांची: कुठून सुरू, किती लांब, कुठल्या प्रकारचं. नव्या जीपीटीत साधारण १२८ नोंदींची सोय असते, पण मामला तोच. पार्टिशन डिलीट केलं की जाते ती नोंद. आतल्या फायली होत्या तिथेच बसून असतात, म्हणून तर टेस्टडिस्कसारखी अवजारं हरवलेलं पार्टिशन हुडकून पुन्हा उभं करू शकतात. एवढा हलका कारभार बघून वाटतं, दोन आकडे बदलले की काम फत्ते.

घोडं पेंड खातं ते इथे. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून डीवर राइट क्लिक करावं, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणावं. आत शेकडो जीबी मोकळे दिसत असतात, पण कधीकधी तो जेमतेम थोडेच सोडायला तयार होतो. कारण मधेच कुठेतरी न हलणारी एखादी फाइल ठाण मांडून बसलेली असते: मेमरी कमी पडली की वापरायची पेजफाइल, रिस्टोअर पॉइंटचा साठा, नाहीतर एनटीएफएसचा स्वतःचा दप्तरखाना. तिच्या अलीकडे श्रिंकला सरकता येत नाही. हे सगळं निस्तरून जागा एकदाची सुटते, काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ म्हणून झळकते. मोठ्या आशेनं सीवर राइट क्लिक करावं, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करड्या रंगात, मुका. सीला जागा हवी ती त्याच्या अगदी उजव्या कडेला लागून. डीनं सोडली ती आपल्या शेपटाकडे, म्हणजे सीच्या दृष्टीनं डीच्या पलीकडे. त्यात भर म्हणून कधीकधी सी आणि डीच्या मधे काहीशे एमबीचं एक रिकव्हरी पार्टिशन अंग चोरून बसलेलं असतं, त्याला ड्राइव्हचं अक्षरसुद्धा नसतं. पण वाट अडवायला तेवढं पुरतं.

यावर सरळ उपाय म्हणजे डीतलं सगळं बाहेरच्या डिस्कवर काढायचं, डी उडवायचा आणि, मधे ते रिकव्हरी पार्टिशन नसेल तर, सी वाढवायचा. दुसरा उपाय जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या प्रोग्रामचा. पेन ड्राइव्हवरून तो सुरू करून डीची (आणि मधे असेल तर रिकव्हरीचीही) पट्टी माउसनं उजवीकडे ओढायची. पडद्यावर ती क्षणात सरकते, पण ‘अप्लाय’ म्हटल्यावर खरं काम सुरू होतं. नाट्यगृहातल्या भरलेल्या रांगेत डावीकडच्या टोकाला जागा हवी असली, तर उजवीकडच्या शेवटच्या माणसानं आधी उठावं लागतं, मग त्याच्या शेजाऱ्यानं, मग त्याच्या. इथेही जुनी आणि नवी जागा एकमेकींवर येत असल्यानं डेटा शेवटाकडून ब्लॉक ब्लॉक करत हलवावा लागतो. फिरत्या डिस्कवर यात तासन् तास जातात. प्रगतीची पट्टी जिवंत आहे की गतप्राण, तेही कळत नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला असला तरी आपण वायर पुन्हा चाचपून पाहतो. या टप्प्यावर वीज गेली तर डेटा ना जुन्या जागी राहतो, ना नव्या. बॅकअपचं महत्त्व पटवायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही, पण तोवर उशीर झालेला असतो.

खरं सांगायचं तर बरेचदा रेघेला हात लावायचीही गरज नसते. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅबवरून ती फोल्डरं डीवर हलवता येतात. हायबरनेशन, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन झोपवायची सोय, बंद केलं की हायबरफिल ही जाडजूड फाइल निघून जाते आणि काही जीबी फुकटात सुटतात. नवं मशीन आलं तर मी सरळ एकच पार्टिशन ठेवायला सांगतो.

लिनक्सवाल्यांनी एलव्हीएम ही सोय आणून शेजारपणाची अट कधीच काढून टाकली. डिस्कवरचे विखुरलेले तुकडे एकाच व्हॉल्यूममध्ये जोडता येतात. ॲपलनं २०१७ मध्ये मॅकवर आणलेल्या एपीएफएस या फायली मांडायच्या पद्धतीत एका कंटेनरमधले सगळे व्हॉल्यूम मोकळी जागा सामाईक वापरतात, मुद्दाम मर्यादा घातली नसेल तर ज्याला लागेल त्यानं घ्यायची. तिथे सी भरला आणि डी रिकामा, ही तक्रारच उरत नाही. भरले तर सगळे एकदमच भरतात, आणि मग मात्र फोटो डिलीट करायला बसावं लागतं.