शुक्रवारची कढई: आमची वाटचाल

गुरुवारी रात्री दहाच्या सुमारास नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गाळ्यात एकच प्रश्न असतो, उद्यासाठी मैदा किती किलो भिजवायचा? आचारी महाराज परातीपाशी उभे, थोरली लेक मोबाईलवर तिकिटांचं ॲप उघडून बसलेली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर. नवा सिनेमा शुक्रवारी लागतो. तो चालणार की पडणार याचा अंदाज वर्तमानपत्रवाले सोमवारी लिहितात, आम्हाला तो गुरुवारी रात्रीच करावा लागतो. चुकला तर त्यांची बातमी चुकते, आमचं सारण आंबतं.

आम्ही थिएटरच्या कॅन्टीनला समोसे, वडे आणि सँडविच पुरवतो. बाकी काही नाही. लग्नाच्या ऑर्डरी घ्या असं पुष्कळ जणांनी सुचवलं. दोनदा घेतल्या, दोन्ही वेळा शनिवारचा माल उशिरा पोचला. तेव्हापासून बंद.

सुरुवात आईची. अण्णा, म्हणजे वडील, एका टॉकीजला बाल्कनीचे डोअरकीपर होते. विजयानंद, हेमलता, सर्कल, दामोदर ही नावं नाशिककरांच्या तोंडी पत्त्यासारखी असायची तेव्हाची गोष्ट. कॅन्टीनवाल्याचा माणूस एका रविवारी आलाच नाही, आणि अण्णांनी सहाच्या खेळाला घरून डबा मागवला. आईने साठ समोसे दिले होते. डब्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. इंटरव्हल संपायच्या आत डबा रिकामा. पुढे दहा-बारा वर्षं आमच्या दोन खोल्यांच्या घरात शुक्रवार ते रविवार बटाट्याच्या वासाशिवाय दुसरं काही नव्हतं. २००० साली मी नोकरी सोडून गाळा घेतला, महाराजांना आणलं आणि बिलबुक छापलं. बिलबुक छापणं हीच आमची कंपनी स्थापन होणं.

अण्णा तिकीट फाडायचे, आणि अर्धुकं खिशात टाकता टाकता माणसं मोजायचे. रात्री जेवताना आकडा सांगायचे, “आज बाल्कनी एकशे ऐंशी, त्यात बायका नव्वद.” गल्ला किती झाला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तो बुकिंग क्लार्कचा विषय. ही सवय त्यांच्याकडून मला लागली आणि धंद्यात तीच कामाला आली. आजही ‘अमुक सिनेमाची पहिल्या तीन दिवसांत इतक्या कोटींची कमाई’ असं वाचलं की मला त्यातलं फारसं काही कळत नाही. कोटी समोसे खात नाहीत, माणसं खातात.

हे जरा उलगडून सांगतो, कारण आकड्यांवर भांडणारी पोरं गाळ्यावरही येतात. एक म्हणतो ग्रॉस, दुसरा म्हणतो नेट. ग्रॉस म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून गेलेले सगळे पैसे, नेट म्हणजे त्यातून जीएसटी वजा करून उरलेले. हिंदीतले आकडे बहुतेक नेटमध्ये बोलले जातात, दक्षिणेकडच्या सिनेमांच्या पोस्टरवर जगभरची ग्रॉस छापतात, आणि मग दोघांची तुलना करून पोरं एकमेकांच्या हिरोची अक्कल काढतात. २०० रुपयांचं तिकीट धरा. शंभरावरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे मूळ रक्कम साधारण १६९ रुपये ५० पैसे. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्सकडून निम्मा वाटा वितरकाला जातो. थिएटरच्या हाती उरले जेमतेम ८५. त्यातून वीज, एसी, पगार, साफसफाई. कॅन्टीनच्या काउंटरवरच्या पैशात मात्र वितरकाचा वाटा नसतो. म्हणून मॅनेजर शुक्रवारी सकाळी सिनेमा कसा आहे हे नंतर विचारतो, समोसे निघाले का हे आधी.

हा निम्म्याचा हिशेब २००९ साली ठरला, आणि ते साल मी विसरणार नाही. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाट्यावरून फाटलं आणि एप्रिल-मे असे दोन महिने मल्टिप्लेक्सला मोठा नवा हिंदी सिनेमाच लागला नाही. ऐन शाळेच्या सुट्ट्यांत! जूनमध्ये तडजोड झाली: पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला ४२.५, तिसऱ्याला ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढतो. पण टिकतात किती? तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार बघणारे सिनेमे बोटांवर मोजावेत. त्या दोन महिन्यांत आम्ही सातपूरच्या कारखान्यांत चहाबरोबर वडे दिले. तेलाचे डबे उधारीवर आणले आणि ती उधारी दिवाळीपर्यंत फेडली.

समोशाचं तंत्र सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. पहिलं तळण गाळ्यावर, मंद आचेवर. पारीला फोड येऊ द्यायचा नाही, पांढरट असतानाच झाऱ्याने काढायचे आणि क्रेटमध्ये उभे लावायचे. एकावर एक रचले की टोकं मोडतात. दुसरं तळण थिएटरवर, इंटरव्हलच्या आधी वीस मिनिटं. त्यासाठी इंटरव्हल नेमका कधी पडतो हे पहिल्या शोला विचारून ठेवावं लागतं. अर्धा कच्चा तळलेला समोसा रात्रीपर्यंत चालतो, दुसऱ्या दिवशी नाही. आईने घातलेला हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही. त्यामुळे उरलेला माल म्हणजे सरळ तोटा.

इंटरव्हलला काउंटरच्या मागे उभं राहिलं की सिनेमा न बघता कळतो. चांगल्या सिनेमाला गर्दी एकदम येते, ऑर्डर घाईने सुटतात, सुटे पैसेही न घेता लोक आत पळतात. पडेल सिनेमाला लोक निवांत येतात. मोबाईल काढतात, आणखी एक कॉफी सांगतात, आतला आवाज सुरू झाला तरी चटणी पुसून खात बसतात. त्यामुळे गंमत अशी की वाईट सिनेमाला माणशी खप जास्त असतो, पण माणसंच नसतात. आणि तीन तासांच्या सिनेमावर थिएटरवाले कुरकुरतात, कारण दिवसातला एक शो कमी होतो. आमची मात्र तक्रार नाही. दीड तास बसलेल्या माणसाची भूक वेगळीच असते.

नाशिकच्या वीकेंडला स्वतःचं वेळापत्रक आहे, ते मुंबईच्या आकड्यांत दिसत नाही. रविवारी सकाळी निम्मं गाव मिसळीला गेलेलं असतं. तर्री प्यालेला माणूस बाराच्या शोला समोशाकडे ढुंकून बघत नाही. म्हणून रविवारी पहिला क्रेट अर्धाच पाठवतो आणि सगळा भर संध्याकाळच्या शोवर ठेवतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनापर्यंत कढई थंड; बायका फराळात, पुरुष दुकानात. पाडवा-भाऊबीजेला मात्र हात पुरत नाहीत, बहिणीकडे जेवून सगळं खटलं थिएटरला. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं यावर पंचवटीकडचा शनिवार ठरतो. पूर बघायला फुकट मिळत असताना तिकीट कोण काढेल?

आणि मालेगाव. तिथे आमचा माल जात नाही, पण कपड्याच्या धंद्यातला मेहुणा तिथला असल्यामुळे माहीत आहे. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे तिथला पहिला दिवस म्हणजेच रविवार. नाशिकमध्ये रविवारी जी गर्दी दिसते ती तिथे शुक्रवारीच उसळते. एकाच जिल्ह्यात दोन वीकेंड!

सगळ्यात मोठी चूक सांगतो, सिनेमाचं नाव घेत नाही. मोठा हिरो, सुट्टीला जोडून तारीख, गुरुवारी रात्री ॲपवर सीटच्या रांगाच्या रांगा भरलेल्या. थोरली तेव्हा लहान होती, ॲप मीच बघायचो. मी रोजच्या तिप्पट माल काढला. शनिवारी सहाच्या शोला जाऊन बघतो तर पडद्यावर ‘हाऊसफुल’ म्हणण्याइतकी तिकिटं गेलेली आणि आत माणसं पन्नास-साठ. तिकिटं कुणीतरी ठोकात उचलली होती, फुकट वाटली होती. घेणारे आलेच नाहीत. सीट विकली गेली, पण तिच्यावर कुणी बसलं नाही. त्या रात्री क्रेटच्या क्रेट परत आले. पंचवटीत घाटावर नेऊन वाटले आणि उरलेले, सांगायला लाज वाटते, गाईंना घातले. तेव्हापासून ॲपवरच्या आकड्यातून आम्ही कोपऱ्याकोपऱ्यातल्या दोन-दोन, चार-चार सीटा मोजतो. माणसं अशीच जोडीने, कुटुंबाने येतात. सलग भरलेल्या सहा रांगांवर आमचा विश्वास नाही.

उलटी चूकही झाली. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. मराठी सिनेमा, उन्हाळा, त्यात महाराष्ट्र दिन नेमका रविवारी आलेला, म्हणजे सुट्टीही वाया. मी बेताचा माल काढला. रविवारी संपला, ते मी सुट्टीच्या नावावर घातलं. पण सोमवारी दुपारी चारला कॅन्टीनवाल्याचा फोन, “शेठ, माल संपला.” सोमवारी! आमच्या धंद्यात सोमवारी कढई घासतात. त्या आठवड्यात ती घासायला वेळच मिळाला नाही. बाहेरगावची माणसं ट्रॅक्टर-पिकअपमधून येत होती, एकदा बघून गेलेली पोरं आईबापांना घेऊन परत येत होती. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. मराठी सिनेमाची तिकिटं हिंदीपेक्षा स्वस्त असतात, म्हणजे त्या शंभर कोटींमागे डोकी किती असतील याचा हिशेब अण्णांनी तेव्हा बिलाच्या पाठीवर मांडून बघितला होता आणि मान हलवून कागद खिशात ठेवला होता.

२०२३ च्या ३० जूनला ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा अण्णा नव्हते. असते तर ‘त्यात बायका नव्वद’ ऐवजी ‘त्यात पुरुष नऊ’ म्हणाले असते. दुसऱ्या शनिवार-रविवारचा गल्ला पहिल्यापेक्षा मोठा झाला, असं क्वचित होतं. एरवी दुसऱ्या शुक्रवारी आकडा निम्म्यावर आला तरी लोक ‘सिनेमा टिकला’ म्हणतात. भिशीच्या, भजनी मंडळाच्या, सोसायटीच्या बायका वीस-वीस जणींनी यायच्या, तेही मंगळवारी दुपारी. समोसे मात्र जपून. “एकात दोघी,” असं सांगून मधोमध मोडून घ्यायच्या. आमच्या बायकोनेही तसंच केलं, स्वतःच्याच घरच्या समोशाचं!

‘छावा’ची गंमत वेगळी. १४ फेब्रुवारी २०२५ च्या शुक्रवारी लागला आणि पाचव्या दिवसानंतर, बुधवारी, शिवजयंती. त्या बुधवारचा धंदा पहिल्या शुक्रवारच्या तोडीचा झाला. आम्ही कॅलेंडर बघून आधीच माल काढला होता, तेवढी एक शहाणपणाची गोष्ट. पण सिनेमा सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांपैकी कुणी काउंटरकडे फिरकेना. डोळे पुसत सरळ पार्किंगकडे. खप सगळा इंटरव्हलला.

मधली कोरोनाची दीड-दोन वर्षं थोडक्यात सांगतो, लांबवण्यात अर्थ नाही. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. ५ नोव्हेंबरला निम्म्या सीटांवर उघडली, पण आत खाण्याचे पदार्थ न्यायला बंदी. म्हणजे थिएटर उघडलं आणि आम्ही बंदच. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप. एका कॅन्टीनवाल्याकडे आमची मोठी रक्कम अडकली ती अजून आलेली नाही, आता मागतही नाही. महाराज गावी गेले होते. २२ ऑक्टोबर २०२१ ला थिएटरं उघडली तेव्हा त्यांना फोन केला, तर म्हणाले, “सेठ, पिक्चर कौनसी है?” दिवाळी पाडव्याला, ५ नोव्हेंबरला ‘सूर्यवंशी’ येतोय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली.

या जिल्ह्याचं सिनेमाशी जुनं नातं आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके स्वतः करायच्या. आईला हे एकदा वाचून दाखवलं होतं. तिने विचारलं, “आणि भांडी?”

शेवटी कॅलेंडरबद्दल. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात आम्ही पोळलो. नाशिकच्या पर्वण्या, म्हणजे मोठ्या स्नानाचे दिवस, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर. शनिवार, रविवार आणि शुक्रवार, नेमके आमचेच तीन वार! पहिल्या पर्वणीला आमची रिक्षा बॅरिकेडपाशी दोन तास उभी होती, क्रेट उन्हात. २०२७ च्या अमृतस्नानाच्या तारखा जाहीर झाल्या तेव्हा मी पहिल्यांदा वार काढले. २ ऑगस्ट सोमवार, ३१ ऑगस्ट मंगळवार, ११ सप्टेंबर शनिवार. दोन सुटले, एक सापडला. थोरलीने मोबाईलमध्ये त्या शनिवारावर आत्ताच खूण करून ठेवली आहे, ‘मैदा भिजवू नये.’ महाराजांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, त्या दिवशी घाटावरच कढई लावू.