तुम्ही विचारलंत म्हणून : काटे तिरके का?

माझ्या जुन्या मारुती एस्टीममध्ये पहिल्यांदा बसणारा माणूस पट्टा ओढता ओढता दोनपैकी एक प्रश्न विचारतोच. गाड्यांचं वेड असलेला विचारतो, "हे कुठून मागवलंत?" वेड नसलेला विचारतो, "हे दोन्ही तिरके बसलेत, बदलून नाही घेतले?" पुढची काच आणि ड्रायव्हरचं दार यांच्यामधल्या खांबावर दोन गोल मीटर आहेत. वरचं पाण्याच्या तापमानाचं, खालचं ऑइल प्रेशरचं. ज्या काळ्या, फुगीर घरट्यात ती बसलीत ते कुठून मागवलेलं नाही, घराच्या गच्चीवर फायबरमध्ये, म्हणजे काचेचे तंतू आणि वाळून कडक होणारं रेझिन वापरून केलंय. आणि तिरकी आहेत ती मुद्दाम. एवढं सांगेपर्यंत बहुधा समोरच्याचं उतरायचं ठिकाण येतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

सुरुवात खंबाटकी घाटात झाली. बोगदा तेव्हा साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी. पुण्याहून घरी येणाऱ्या आम्हाला घाट चढूनच यावं लागायचं. मे महिन्यातला शनिवार, पुढे कुठेतरी कंटेनर बंद पडलेला, एसी चालू, मागे मुलगा झोपलेला. रेडिएटरच्या फॅनची वायर गंजून तुटली होती. ती आधीच बघायला हवी होती, मी बघितली नव्हती. डॅशबोर्डवरच्या काट्याला आकडे नाहीत, एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला एच. काटा मध्यापेक्षा जरा वर दिसला. मी म्हटलं, घाट आहे, चढणारच. पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, उडालं होतं. हेड प्लेन करून गाडी परत घेताना गॅरेजवाले मामा म्हणाले, "पाणी ९० ला असतं. १०५-११० च्या पुढे गेलं की हा खर्च. मधले अंश तुम्हाला दिसले असते तर एसी बंद करून गाडी बाजूला घेतली असती ना?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, पण मला लागला.

मीटर मिळायला अडचण नव्हती. अशी जादा मीटरं जगभर ५२ मिलिमीटरची मिळतात. अडचण ती बसवायची कुठे ही. खांबावर बसवायची तयार घरटी मिळतात, पण ती दुसऱ्याच गाड्यांसाठी, आणि बरीचशी डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या देशांतली, म्हणजे खांबच उलटा. डॅशबोर्डवर टेपने चिकटवायची वाटी मी आणून पाहिली. उन्हात टेपचा गोंद पाघळला आणि वाटी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर माझ्या मांडीवर आली.

आता तिरकेपणाचं. माझ्या तापमापकावर ४० ते १२० आकडे आहेत, म्हणजे सरळ बसवला तर अगदी वर ८० येतात. पण माझं इंजिन तापल्यावर राहतं ९० वर. मग गाडी ठणठणीत असतानाही काटा उजवीकडे कललेला दिसणार. मी अख्खं मीटर डावीकडे साधारण ३५ अंश फिरवून ९० चा आकडा अगदी वर आणला. ऑइलचं मीटर ० ते ७ बारचं आहे. हायवेवर माझ्या गाडीचं प्रेशर ४ च्या आसपास असतं, म्हणून तेही थोडं फिरवलं. आता सगळं ठीक असलं की दोन्ही काटे सरळ उभे. आकडे वाचायचेच नाहीत. रस्त्यावरून नजर काढून आकडा वाचायचा म्हणजे क्षणभर गाडी आंधळी. काटा उभा की आडवा हे कडेच्या नजरेलाही कळतं. ही युक्ती माझी नाही. शर्यतीच्या गाड्यांमध्ये हे फार जुनं आहे.

पण गोल भोकात मीटर कसंही फिरवता येतं, त्याला फायबर लागत नाही. फायबर लागलं ते मीटरचं तोंड माझ्याकडे वळवायला. काटा डायलपासून थोडा वर तरंगत असतो, त्यामुळे बाजूने पाहिलं की आकडा चुकतो. तोंड नेमकं माझ्या डोळ्यांकडे हवं, आणि माझे डोळे कुठे हे कुठल्याच कारखान्याला माहीत नाही. मी सीट मागे घेऊन बसतो, पाठ जरा उभी. बायको गाडी चालवते तेव्हा सीट पुढे असते आणि तिला दोन्ही मीटरं तिरपी दिसतात. ती म्हणते, तुझं घरटं तूच बघ. मुळात मला व्होल्टमीटरसकट तीन हवी होती. खांबावर पुठ्ठ्याच्या तीन चकत्या चिकटवून यवतेश्वरचा रस्ता चढून आलो. उजव्या वळणावर तिसऱ्या चकतीमागे एक अख्खी बाई आणि तिची शेळी लपली. तिसरं मीटर रद्द.

खांबावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. ते नुसत्या क्लिपांवर असतं, पण जुन्या क्लिपा तुटणार हे धरून चाला. कव्हर उलटं केलं तर आत बारीक अक्षरांत 'पीपी' उमटवलेलं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि त्याला रेझिन धरत नाही. कितीही घासा, वाळल्यावर पापुद्र्यासारखं निघून येतं. म्हणून जिथे घरटं बसणार तिथे ४ मिलिमीटरची पंचवीसएक भोकं पाडली. रेझिन भोकातून पलीकडे जाऊन तिथे पसरतं आणि रिव्हेटसारखं धरून ठेवतं. जोडीला आतून चार स्क्रू.

मीटरं ज्यांत बसणार त्या कड्यांसाठी पीव्हीसी पाइप घ्यायला गेलो तर ५० चा पाइप लहान आणि ६३ चा ढगळ. शेवटी ५० चा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडायचा तुकडा, घेतला. तो आतून ५०, मला हवे होते साडेबावन्न. कपलर उकळत्या पाण्यात धरला की मऊ होतो. मऊ झाला की स्टीलच्या पेल्यावर दाबायचा. पेला वर रुंद होत जातो, त्यामुळे व्हर्नियर लावून हवं तिथे थांबायचं आणि गार पाणी ओतायचं. चौथ्या प्रयत्नात जमलं. तो पेला अजून गॅरेजमध्येच आहे, घरात त्याची चौकशी अधूनमधून होते.

मग कडी हिराच्या झाडूच्या काड्यांवर उभी केली. एकेक काडी फेव्हिक्विकने कव्हरला टेकवायची, कव्हर गाडीत लावायचं, सीटवर बसायचं, एक डोळा मिटून बघायचं, काडी तोडून परत चिकटवायची. अख्खा रविवार त्यात गेला. पूर्ण कामातला हा एकच भाग घाईने करू नका. पुढे काही बिघडलं तर घासून सुधारता येतं, कोन मात्र इथेच ठरतो.

मधली पोकळी भरायला मी आधी थर्माकोल कोरला होता. २०१८ ची बंदी येण्याआधीची गणपतीची मखर माळ्यावर पडून होती, तिचा एक खांब कापला. कानशीने घासून सुरेख आकार आला. त्यावर रेझिनचा पहिला ब्रश फिरवला आणि तो आकार माझ्या डोळ्यांदेखत चुरचुरत खाली बसला, जिलेबीच्या पाकात पाव बुडवावा तसा. मंडळांसाठी फायबरचे देखावे करणाऱ्या एका दादांना विचारलं तर ते पोट धरून हसले. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. तेच त्याला विरघळवतं. दादा म्हणाले, "कोरता कशाला? कापड ताणा."

तर कापड ताणलं. सातारा हिल मॅरेथॉनचा एक जुना टीशर्ट होता, ज्याच्या लायकीचं मी त्या वर्षी पळालो नव्हतो. तो दोन्ही कड्यांवरून ताणून कव्हरच्या मागे नेऊन चिकटवला. आणि मग ते घडलं ज्यासाठी लोक हे सगळे उपद्व्याप करतात : ताणलेलं कापड एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे जाताना आपणहून जी खोलगट वळणं घेतं ती हाताने कोरून येत नाहीत. ओल्या साडीची घडी दोरीवर जशी पडते तशी. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

रेझिनचं गणित सोपं आहे आणि त्यातच लोक फसतात. १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर १ ते २ ग्रॅम, बस. दुकानदार कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं द्रावण) वेगळं देत असेल तर ते रेझिनमध्ये आधी पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच ओतायचं नाही, पेट घेतं. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच. मी एकदा लवकर वाळावं म्हणून हात सैल सोडला. डबा हातात असतानाच गरम झाला, धूर निघाला आणि प्लॅस्टिकचा डबा एका बाजूने बसला. थोडं थोडं कालवावं, दहा-पंधरा मिनिटांत संपवावं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या काकूंचे चिवड्याचे पोहे वाळत होते. रेझिनचा वास म्हणजे साधा वास नव्हे, तो डोक्यात चढतो. काकूंनी नाकाला पदर लावला, एक शब्द न बोलता पोह्यांचं कापड चारही कोपरे धरून उचललं आणि खाली गेल्या. त्या वर्षी त्यांचा चिवडा आमच्याकडे आला नाही. कोरोनातला मास्क धूळ अडवतो, हा वास अडवत नाही. त्याला वाफ शोषणाऱ्या काडतुसाचा (कार्ट्रिजचा) मास्क लागतो. नाहीतर वारा आणि शहाणपण दोन्ही हवेत.

कापड रेझिन पिऊन रात्रीत कडक झालं. पण नुसतं कापड अंड्याच्या कवचासारखं असतं, ताकद काचेच्या तंतूंच्या मॅटने येते. ३०० ग्रॅमची मॅट आतल्या बाजूने दोन थर. मॅट कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची, म्हणजे कडा विस्कटतात आणि एकमेकींत मिसळतात. ब्रश फिरवायचा नाही, टोचायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. पांढरी मॅट भिजून पारदर्शक झाली की समजायचं. फुल बाह्यांचा शर्ट घाला. काचेचे तंतू कोपरात गेले की खाजकुइली परवडली.

पुढचं सगळं घासकाम. लांबी (पुटी) भरायची, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची, १२०, २२०, प्रायमर, मग ४०० चा वॉटर पेपर. प्रायमर मारला की आधी न दिसलेले सगळे खड्डे दिसतात. लोकांना वाटतं फायबरचं काम म्हणजे रेझिन. रेझिन दोन संध्याकाळी, घासणं तीन रविवार. साहित्याला हजारही लागले नाहीत.

बिनचमकीचा काळा रंग मारला आणि रात्री गाडी दिमाखात बाहेर काढली. दोन्ही मीटरांचे दिवे उजव्या काचेत उमटले, बरोबर आरशाच्या जागी. मागून येणारा ट्रक आहे की माझंच ऑइल प्रेशर, कळेना. कड्यांना १५ मिलिमीटरची टोपी वाढवावी लागली, म्हणजे पुन्हा मॅट, लांबी, घासणं. दिवे मंद करायला एक छोटा नॉबही लावला.

पुढच्या वर्षी पुन्हा खंबाटकी, पुन्हा रांग. मागच्या सीटवरून मुलगा म्हणाला, "बाबा, वरचा वाकला." त्याला तिथून आकडे दिसत नव्हते. ९८ झाले होते. एसी बंद केला, हीटर चालू केला, काचा खाली. भर उन्हात हीटर म्हणजे शिक्षा, पण तोही एक छोटा रेडिएटरच असतो. माथ्यावर पोचेपर्यंत काटा उभा झाला.

"आम्हालाही करून द्या" म्हणणाऱ्यांना मात्र मी नाही म्हणतो, आळसाने नव्हे. माझ्या जुन्या गाडीच्या त्या खांबात काही नाही. तुमच्या नव्या गाडीत डोक्याशेजारी उघडणारी पडद्याची एअरबॅग असेल तर ती त्याच कव्हरमागून बाहेर येते, आणि तिच्यासमोर फायबरचं घरटं म्हणजे तोंडावर मारायला ठेवलेला दगड. शिवाय नव्या गाड्यांत तापमानाचा आकडा संगणकात असतोच. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटं यंत्र खोचलं की मोबाइलवर दिसतो.

नीट पाहिलंत तर खालच्या कड्याजवळ एक केसाएवढी चीर दिसेल. तिथे लांबी जाड झाली होती. क्लिपा बसवताना कव्हर वाकलं, फायबर वाकलं नाही, लांबी तडकली. पुन्हा घासायचं गेली दोन वर्षं ठरवतोय. तोवर चिरेवरून काळा मार्कर फिरवतो, साधारण दर दिवाळीला.