झाडीतलं स्कीइंग, हंगाम तिसरा: साताऱ्यातला सराव आणि गुलमर्गची अकरा वळणं

यंदा गुलमर्गच्या झाडीत न थांबता सलग ११ वळणं घेतली. गेल्या हंगामात हा आकडा ४ होता, पहिल्या हंगामात २. दाबून सपाट केलेल्या मोकळ्या उतारावर शिकाऊ पोरंही याच्या दसपट वळणं घेतात. पण झाडीत वळण कुठं घ्यायचं हे झाडं ठरवतात, आपण नाही. माझं वय ६१, डावा गुडघा जुन्या दुखण्याचा, आणि राहायला सातारा. बर्फापासून इतक्या लांब राहून झाडीची तयारी करणारे आपण मोजकेच लोक आहोत, म्हणून सविस्तर लिहितो.

जे फक्त औली किंवा सोलंगच्या उघड्या उतारावर गेलेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडूरीला, साधारण ३,०८० मीटरवर सोडतो. दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास नेतो. तिथं झाडाचं नाव नाही, आणि बहुतेकांना तिथंच जायचं असतं. माझा जीव मात्र कोंगडूरीच्या खालच्या जंगलात अडकलाय. लोक सरसकट देवदार म्हणतात, पण इथं मुख्यतः फर आणि कैल (पाइनचा एक प्रकार) आहेत. फरच्या फांद्या पार खालपर्यंत झुकलेल्या, आणि मधे मधे अंगणाएवढ्या विरळ जागा. त्यांनाच ग्लेड म्हणतात. वारा नसल्यामुळं तिथला बर्फ आठवडाभर भुसभुशीत राहतो. नुकत्या दळून आणलेल्या ज्वारीच्या पिठात हात घातल्यावर जसं वाटतं, अगदी तसा.

सप्टेंबर

हंगामाची सुरुवात मी २६ सप्टेंबर २०२५ धरतो. त्या दिवशी चंदीगडला हवाई दलाच्या २३ स्क्वाड्रनच्या मिग-२१ लढाऊ विमानांनी शेवटचं उड्डाण केलं. १९६३ साली दलात आलेलं विमान, बासष्ट वर्षं सेवेत. साताऱ्यातल्या घरी टीव्हीवर बघत होतो. सैनिक स्कूलमध्ये असताना याच विमानाचं चित्र माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं. पुढं तेजपूरला त्याच्यावर एकट्यानं पहिल्यांदा उडालो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. टीव्ही बंद केला आणि बूट घालून यवतेश्वरचा घाट चढायला निघालो. कासच्या फुलांचा हंगाम, रस्त्यावर गाड्यांची रांग, म्हणून मधेच जुनी पायवाट धरली. उतरताना पाय आपोआप धावायला लागले. दगड, करवंदीची जाळी, मधून जायला हातभर फट. तेव्हा लक्षात आलं की झाडीतल्या स्कीइंगचा सराव इथं, पायाखालीच आहे.

मिग-२१ चा पंख त्रिकोणी आणि छोटा. वेग कमी होऊ दिला तर विमान नाक वर ठेवूनच खाली बसायला लागतं, आणि भराभर बसतं. उतरताना धावपट्टीला टेकायचा वेगही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वेगाला दोन्ही बाजूंनी कुंपण. कमी झाला तर विमान पडणार, जास्त झाला तर धावपट्टी संपेल आणि शेपटीची पॅराशूटही पुरी पडणार नाही. भुसभुशीत बर्फातही असंच आहे, हे कळायला मला दोन हंगाम लागले. घाबरून फार हळू गेलं की स्की बर्फात रुततात आणि वळतच नाहीत. थोडा वेग असला की त्या तरंगतात आणि हलक्या होतात. जास्त झाला की समोर झाड. पहिले दोन हंगाम मी खालच्या कुंपणाच्याही खाली होतो आणि दोष गुडघ्याला देत होतो.

ऑक्टोबर ते जानेवारी

आठवड्यातून तीन दिवस अजिंक्यतारा. चढताना चालत, उतरताना चार भिंती स्मारकाच्या बाजूच्या मुरमाड उतारावरून दोन्ही हातांत काठ्या घेऊन लहान लहान वळणं. मुरूम पायाखालून घसरतो, तेच हवं असतं. मांड्यांसाठी भिंतीला पाठ लावून बैठक. नोव्हेंबरमध्ये ५० सेकंद टिकत होतो, जानेवारीअखेर २ मिनिटं १० सेकंद. याहून जास्त काही लिहिण्यासारखं नाही, व्यायाम सगळ्यांना माहीत आहे.

खरा फायदा झाला तो पाचगणीजवळच्या एका मित्राच्या रानात. सिल्व्हर ओकची सरळसोट खोडं, उतारावर रांगेनं लावलेली. रांगेतून सरळ धावलं तर काही शिकायला मिळत नाही. पण तिरपं धावलं की प्रत्येक फट वेगळ्या कोनात उघडते. रविवारी सकाळी धुकं असताना जायचो. मिरजेचा एक तरुण डॉक्टर सोबत असायचा, तोही आपल्यातलाच. तो मोबाइलवर चित्रण करायचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, तुमची मान बघा. तुम्ही खोडाकडे बघताय."

मान दोन-तीन मीटरवरच्या खोडाकडे वळलेली, आणि खांदा मानेच्या मागं. ज्या माणसानं जोधपूरला मिग-२७ उडवलं त्याला हे कळायला हवं होतं. वाळवंटावरून शंभर मीटरच्या आत, ताशी ९०० किलोमीटरनं जाताना सेकंदाला अडीचशे मीटर जमीन मागं पडते. दहा किलोमीटरवर दिसलेली खूण ४० सेकंदांत पोटाखाली. पायाखालचं बघायची सोयच नसते. आम्हाला शिकवलेला क्रम होता: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. घड्याळ सांगतं आपण कुठं असायला हवं, नकाशा सांगतो तिथं काय दिसायला हवं, आणि मग ते शोधायला नजर बाहेर. आधी जमिनीकडे बघितलं तर प्रत्येक विहीर आपलीच विहीर वाटते आणि खेजडीचं प्रत्येक झाड ओळखीचं.

मिग-२७ चं नाक मुद्दाम खाली उतरतं केलेलं होतं, वैमानिकाला पुढची-खालची जमीन स्वच्छ दिसावी म्हणून. मी त्या विमानावर फार प्रेम केलं. उड्डाणात पंख मागं घ्यायचे, १६ अंशांवरून ४५, मग ७२, आणि विमानाचा स्वभाव हाताला बदललेला जाणवायचा. २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरलाच ते निवृत्त झालं.

त्याच विमानावर जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करताना एक धोका कायम असायचा. लक्ष्यावर नजर चिकटते आणि हात विमान वर खेचायचं विसरतो. माणूस जिकडं बघतो तिकडंच जातो. हे झाडीत आणखी खरं आहे. सिल्व्हर ओकच्या रानात मी स्वतःला सवय लावली: खोड बघायचंच नाही, दोन खोडांमधला उजेड बघायचा, आणि तोही तिसऱ्या फटीतला. पहिल्या दोन फटी तोवर ठरून गेलेल्या असतात. जानेवारीपर्यंत चित्रणातली मान सरळ झाली.

फेब्रुवारी, गुलमर्ग

पुण्याहून श्रीनगर, तिथून तंगमर्गमार्गे वर. एकूण ९ दिवस, त्यातले ६ झाडीत. निघताना सौ. म्हणाल्या, "अहो, तिथं पोचल्यावर आधी फोन, मग बर्फ." तसंच केलं.

२०२४ चा माझा पहिला हंगाम मला कायम आठवतो. जानेवारीचे कितीतरी दिवस गुलमर्ग कोरडं पडलं होतं आणि बर्फ आला तो महिनाअखेरीला. यंदा चिल्लई कलांचे, म्हणजे काश्मीरच्या सर्वात कडक थंडीचे, चाळीस दिवस उलटून गेल्यावर गेलो. खाली बसलेला थर घट्ट होता आणि वर दोन वितीएवढा नवा बर्फ.

पहिले दोन दिवस वाईट गेले. रानात सरळ झालेली मान तिथंही सरळ होती, पण कंबर मागं जात होती. उतार समोर आला की अंग आपोआप टाचांवर बसतं. टाचांवर बसलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळणाला पकड राहत नाही आणि मांड्या पेटतात. आमचा गाईड तंगमर्गचा, बोलायला मोजका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "जनाब, आप पहाड़ से पीछे हट रहे हैं. उसके पास जाइए."

त्या रात्री झोप लागली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी हकिमपेटला किरण या प्रशिक्षण विमानावर हेच वाक्य पोरांना सांगत होतो. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखावरची हवा सुटली, की नाक खाली जातं आणि समोर जमीन दिसते. शिकाऊ कॅडेट त्या क्षणी काय करतो? स्टिक पोटाशी ओढतो. प्रत्येक जण ओढतो, हुशार असो की नसो. जमिनीपासून लांब जावं असं अंगालाच वाटतं. पण ओढल्यानं स्टॉल आणखी वाढतो. वाचायचं तर स्टिक पुढं ढकलायची, ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याकडेच नाक न्यायचं. मग पंखाला हवा मिळते आणि विमान पुन्हा आपलं होतं. कित्येक कॅडेटच्या हातावर हात ठेवून मी ती स्टिक पुढं नेली आहे. ते हात अजून आठवतात, घामेजलेले, ताठर. काहींना दोन सॉर्टीत (उड्डाणांत) जमायचं, काहींना आठ लागायच्या, पण एकदा स्वतःच्या हातानं नाक खाली नेऊन विमान सावरलं की पोराचा चेहरा बदललेला असायचा.

तिसऱ्या दिवशी मी एकच गोष्ट ठरवली. प्रत्येक वळणाच्या सुरुवातीला दोन्ही हात पुढं, नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबायची, आणि छाती उताराकडे. मनात शब्द एकच: पुढं. ४ वळणं, मग ६, मग पुन्हा ३, मग ७. पाचव्या दिवशी सकाळी, कोंगडूरीखाली डाव्या हाताच्या एका ग्लेडमध्ये ११. शेवटच्या वळणानंतर थांबलो तेव्हा कानात स्वतःच्या श्वासाखेरीज काही नव्हतं. फरच्या फांदीवरून बर्फाचा एक गोळा पडला तोही ऐकू आला.

सहाव्या दिवशी पडलो, आणि ते पडणं लिहिणं जास्त गरजेचं आहे. फरच्या खालच्या फांद्या पडणारा बर्फ अडवतात, त्यामुळं खोडाभोवती बर्फ उथळ आणि पोकळ राहतो. वरून सगळं एकसारखं पांढरं दिसतं, आत खड्डा असतो. वळण उशिरा घेतलं, एक स्की फांदीखाली गेली आणि मी कमरेपर्यंत आत. डोकं वर राहिलं हे नशीब. डोकं खाली गेलं असतं तर सैल बर्फ तोंडावर कोसळतो आणि माणूस स्वतःहून क्वचितच निघतो. गाईड दहा मीटरवर होता, त्यानं मला पडताना बघितलं होतं. मिनिटभरात एक स्की सोडवली, फांदी धरून बाहेर. म्हणून कळकळीनं सांगतो: झाडीत एकट्यानं जाऊ नका आणि सोबत्याला नजरेआड होऊ देऊ नका. शिट्टी गळ्यात हवी, खिशात नको. पोलचे पट्टे मनगटात अडकवू नका, हात मोकळा राहायला हवा. बर्फात गाडलेल्या माणसाचा माग काढणारा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं झाडीतही घ्या. झाडं आहेत म्हणजे हिमस्खलन होणार नाही हा समज घातक आहे. ज्या झाडीतून आपल्याला आरामात जाता येतं, ती बर्फाला अडवण्याइतकी दाट नसते. सकाळी गस्तीपथकाचा इशारा वाचल्याशिवाय मी बूट बांधत नाही.

एका दुपारी ढग उतरला. ज्यांना वर अफरवटवर हा अनुभव आलाय त्यांना माहीत आहे: आकाश आणि बर्फ एक होतात, उभे असूनही घसरतोय असं वाटतं. ढगात विमान सरळ असताना कान सांगतो की आपण कललोय, तेच. तेव्हा आम्ही कानाचं ऐकायचं नाही, कृत्रिम क्षितिजाचा काटा मानायचा. झाडीत तो काटा आयता उभा असतो. फर सरळ उभी वाढते, तिच्या काळ्या खोडावरून खालची बाजू कुठली हे लगेच कळतं. म्हणूनच खराब हवेत जाणते लोक झाडीत येतात. त्या दुपारी आम्ही मनगटी उंचीमापकावर ठरवून उतरलो: अमुक उंचीवर ओढा लागला पाहिजे, नाही लागला तर थांबायचं. घड्याळ, नकाशा, जमीन. ओढा लागला.

पुढचं

बाबा रेशीकडे उतरणारी लांब वाट यंदा एकदाच केली, बऱ्याच थांब्यांनी. पुढच्या हंगामात ती पाच थांब्यांत करायची आहे. डावीकडची वळणं अजून उजवीकडच्यापेक्षा उशिरा होतात, गुडघ्यामुळं की सवयीमुळं ते चित्रण बघून ठरवेन. स्की मधोमध, म्हणजे त्यांच्या कमरेशी, ९८ मिलिमीटर रुंद होत्या, माझ्या वजनाला ठीक वाटल्या. ढगाळ हवेसाठी गॉगलला गुलाबी भिंग घेतलं, मोठा फरक पडला.

रविवारी सकाळी सहाला पाचगणीच्या रानात पुन्हा सुरुवात. डॉक्टर मिरजेहून पहाटे निघणार आहे. सांगली-कोल्हापूरकडून आणखी कुणी येणार असेल तर काठ्या आणि जाड तळाचे बूट आणा, पालापाचोळा सध्या फार निसरडा आहे.