आमची वाटचाल: आधी पाठीवर हात, मग पोतं

२००९ साली संगमनेर तालुक्यात रस्त्याकडेच्या एका गाळ्यात आम्ही भावांनी पशुखाद्याचं दुकान टाकलं. सरकी पेंड, मका भरडा, गहू भुसा आणि खनिज मिश्रण. गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक एकच गाऱ्हाणं घेऊन, "शेठ, गाय परत उलटली. तीनदा भरवली, गाभण राहत नाही." आम्ही मिश्रणाची पिशवी द्यायचो. क्वचित गुण यायचा.

खरी चूक वेगळीच होती. विण्याआधी दूध बंद करून गाय आटवली की आम्ही सांगायचो, आता खुराक वाढवा, पोटात वासरू आहे. आमच्या सांगण्यावरून एका मावशींची संकरित होल्स्टीन भाकड काळात खाऊन गोल झाली. व्यायली, पण वार पडेना, खुराकाला तोंड लावेना, श्वासाला गोडसर वास. किटोसिस, म्हणजे अंगावरची चरबी भराभर वितळून होणारा आजार. गाय वाचली, वेत मात्र हातचं गेलं. मावशी एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

मग एका पशुवैद्यकांच्या मागे मी गोठे फिरू लागलो. त्यांनी माझ्या हाताला शिकवलं. शेपटीच्या बुडाशी, खुब्यांवर, आखूड बरगड्यांवर तळवा दाबायचा आणि अंगावरच्या चरबीला १ ते ५ मध्ये गुण द्यायचा. १ म्हणजे नुसता सापळा, ५ म्हणजे हाड हाताला लागतच नाही. विताना ३ ते ३.५ हवा. व्याल्यावर दूध भराभर चढतं, भूक मागे राहते, आणि ती तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरते. अर्धा गुण उतरला तर निभावतं. पूर्ण गुण उतरला, म्हणजे ५०-६० किलो अंग झडलं, की माज लांबतो, कधी मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा येतो, भरवली तरी गाभ धरत नाही. आणि सगळ्यात जास्त झडते ती जाड गाय, कारण व्याल्यावर तीच कमी खाते! हे पचायला मला बराच काळ लागला.

अंग भरायचं ते दूध चालू असताना, आटवण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत. भाकडीचे ६० दिवस ते फक्त टिकवायचं. कोरडी वैरण भरपूर, मुरघास मापात, शेवटच्या तीन आठवड्यांत भरडा हळूहळू.

आता प्रत्येक गाईचं कार्ड असतं. गुण तीनदा घेतो: आटवताना, विताना आणि व्याल्यावर दीड महिन्याने. आटवलेली गाय जाड असेल तर तिच्यासाठी खुराकाचं पोतं आम्ही देत नाही. यावरून भावाशी कडाक्याचं भांडण झालं, पहिल्या वर्षी विक्रीही घटली. तरी नियम मोडला नाही.

कार्डं सध्या माझी मुलगी भरते. ३ आणि ३.५ मधला फरक अजून तिच्या हाताला चटकन लागत नाही, म्हणून सकाळच्या धारेच्या वेळी दोन गोठे आम्ही जोडीने करतो. आधी ती गुण सांगते, मग मी हात ठेवतो.